जुन्या वस्तूंच्या दुकानाचं दार पुन्हा उघडा : हॉलमार्क मिस्टरी वाहिनीला खुलं पत्र

मा. कार्यक्रम विभागप्रमुख आणि पटकथा निवडणारे सर्व सहकारी,
हॉलमार्क मिस्टरी वाहिनी

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाहिनीवर 'गॅरेज सेल मिस्टरी' या सिनेमांच्या मालिकेत जेनिफर शॅनन नावाची, जुन्या वस्तू विकणारी एक बाई खुनांचा छडा लावायची. तिला परत आणा, ही विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. आणताना तिचा धंदाही सोबत आणा, अशी दुसरी विनंती आहे, आणि पत्राचा मोठा भाग या दुसऱ्या विनंतीबद्दल आहे.

पत्र मराठीत लिहिलं, कारण न्यू जर्सीतल्या आमच्यासारख्या घरांत तुमचे हे सिनेमे बघितले जातात ते मराठी बोलतच. खुनी कोण यावर पैजा मराठीत लागतात, आणि "अगं, तो नवरा नाही, तो शेजारीच असणार बघ" हेही मराठीतच ओरडून सांगितलं जातं. हा तुमचा प्रेक्षक तुमच्या पाहणीत बहुधा कधी आला नसेल. म्हणून आधी त्याच्याबद्दल थोडं सांगते.

भारतातून आईवडील, सासूसासरे सहा-सहा महिन्यांसाठी येतात. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत. गाडी चालवता येत नाही, त्यामुळे दिवस घरातच जातो. टीव्ही लावावा तर गुन्ह्याच्या बहुतेक मालिकांत शवागारातलं टेबल आणि त्यावरचं उघडं शरीर. तुमच्या सिनेमांत खून होतो, पण तो बघावा लागत नाही. शिव्या नाहीत, अंगावर येणारं काही नाही, आणि दोन तासांत न्याय मिळतो. माझ्या सासूबाईंना इंग्रजी संवाद निम्मे कळतात, तरी त्यांना हे सिनेमे पुरेपूर कळतात. त्याचं कारण पडद्यावरच्या वस्तू. कपाट, पेटी, आरसा, घड्याळ, चहाची किटली या गोष्टी समजायला इंग्रजी लागत नाही. एकदा दुकानातलं एक टेबल बघून त्या चटकन म्हणाल्या, "हे जुनं नाही गं. कडा बघ, अजून धारदार आहेत. वापरलेल्या टेबलाच्या कडा हातांनी गोल होतात." तुमच्या कलादिग्दर्शकानं हे ऐकायला हवं होतं.

आणखी एक नातं आहे. इथं नव्यानं आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांचं पहिलं डायनिंग टेबल, पहिला पाळणा, मुलांची पहिली सायकल गॅरेज सेलमधून, म्हणजे घरापुढे मांडून विकलेल्या जुन्या सामानातूनच आलेली असते. शनिवारी सकाळी कोपऱ्यावर खांबाला चिकटवलेला पुठ्ठ्याचा बाण बघून गाडी वळवणं, दुसऱ्याच्या अंगणात मांडलेल्या त्याच्या आयुष्यातून चालत जाणं, हे आम्ही सगळ्यांनी केलं आहे. त्यामुळे जेनिफर शॅनन हातात कॉफी घेऊन कुणाच्या तरी ड्राइव्ह-वेवर वाकून खोकी चाळते, तेव्हा ती आम्हाला परकी वाटत नाही.

'गॅरेज सेल मिस्टरी'चा पहिला सिनेमा २०१३ च्या सप्टेंबरमध्ये आला. सुझी वाइनर्ट यांच्या पुस्तकांवर ही मालिका बेतलेली, चित्रीकरण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात. लोरी लॉकलिन यांची जेनिफर, तिची भागीदार डॅनी, दोघींचं 'रॅग्ज टू रिचेस' हे दुकान, नवरा जेसन, दोन मुलं आणि पोलिसांतर्फे कधी वैतागणारा, कधी तिचं ऐकणारा डिटेक्टिव्ह लिनवुड. पुढच्या पाच वर्षांत डझनाहून जास्त सिनेमे झाले. मग २०१९ च्या मार्चमध्ये कॉलेज प्रवेशाच्या घोटाळ्यात लॉकलिन यांना अटक झाली आणि तुम्ही त्यांच्याबरोबरचं काम थांबवलं. पुढल्या वर्षी त्यांनी गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. त्या निर्णयावर मला काही म्हणायचं नाही. मला दुःख आहे ते दुकानाचं. प्रमुख नटी गेली आणि तिच्यासोबत डॅनी, ती मांडणी, शनिवारचे ते सेल, वस्तूंमधून माणसं शोधण्याची ती अख्खी कल्पनाच बंद झाली. एवढी भरलेली जागा रिकामी का ठेवायची?

आणि तुम्ही स्वतःच तर दाखवून दिलं आहे की दार पुन्हा उघडता येतं. 'मर्डर, शी बेक्ड' थांबली होती. २०२१ मध्ये तीच हॅना स्वेन्सन आपली बेकरी घेऊन परत आली. ग्रंथपाल ऑरोरा टीगार्डनचं काम करणाऱ्या कँडेस कॅमेरॉन बुरे दुसऱ्या वाहिनीकडे गेल्या, तर २०२३ मध्ये तुम्ही तरुण ऑरोरा आणलीत, नवी नटी घेऊन. लोकांनी कुरकुर केली, पण बघितलंच. बेकरी परत आली, ग्रंथपाल परत आली. जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या वाट्याला ते का येऊ नये?

आता माझं खरं म्हणणं.

'गॅरेज सेल मिस्टरी'चे सगळे सिनेमे एकसारखे नाहीत. पुन्हा पुन्हा बघितल्यावर माझ्या मनात त्यांचे सरळ दोन गट पडले. एका गटात वस्तू गुन्ह्याची वाट दाखवते. दुसऱ्या गटात वस्तू केवळ मागे मांडलेली असते आणि जेनिफरच्या जागी फुलवाली किंवा शिक्षिका असती तरी गोष्ट तसूभर बदलली नसती. पहिल्या गटातले सिनेमे वर्षांनंतरही आठवतात. दुसऱ्यातल्यांची नावंसुद्धा मला एकमेकांत मिसळतात.

'द वेडिंग ड्रेस' हा माझ्या मते पहिल्या गटातला सर्वांत चांगला. जुन्या सामानातून आलेला लग्नाचा पोशाख, त्यावर रक्ताचे डाग. एवढ्यावर अख्खा सिनेमा उभा राहतो, कारण प्रश्न आपोआप पडतात. कुणी घातला होता? लग्न झालं का? धुतला का नाही, जाळला का नाही, जपून का ठेवला? कापड एका बाईपर्यंत घेऊन जातं. 'अ केस ऑफ मर्डर'मध्ये जुन्या टेपवरचा आवाज हेच काम करतो. वस्तूच्या पोटात साक्ष दडलेली आहे, आणि ती बाहेर काढायला तिच्याकडे लक्ष देणारं माणूस लागतं. 'मर्डर मोस्ट मेडिव्हल'ची सुरुवात तर झकासच : चिलखत विकत घेतलं आणि आत प्रेत! पण मला वाटलं, त्या धक्क्यानंतर चिलखत म्हणून त्याला फारसं काम उरलं नाही. त्याच्या जागी मोठी ट्रंक असती तरी चाललं असतं. चिलखत एकट्यानं घालता येत नाही, पट्टे बांधायला दुसरा माणूस लागतो. तर प्रेताला ते कुणी, किती वेळ लावून आणि कुठे चढवलं असेल, हाच केवढा मोठा प्रश्न! त्या पट्ट्यांपाशी कॅमेरा आणखी थांबला असता तर!

'द नॉव्हेल मर्डर्स' रंजक आहे, गाजलेल्या रहस्यकथांमधल्या खुनांच्या नकला करणारा खुनी ही युक्तीही चांगली आहे. पण ती गोष्ट पुस्तकांच्या दुकानाला शोभणारी आहे. जेनिफर तिथं पाहुणी वाटते.

या धंद्यात रहस्यासाठी किती मालमसाला आयता पडला आहे, हे बघा. गॅरेज सेलमध्ये पावती नसते. रोख पैसे, हसून निरोप, संपलं. वस्तू कुठून आली, कुणाची होती, याचा धागा तिथंच तुटतो. चोराला यासारखी सोयीची जागा नाही आणि डिटेक्टिव्हला यासारखी अवघड नाही. याउलट 'रॅग्ज टू रिचेस' हे वस्तू ठेवून घेऊन विकणारं दुकान. मालक आपली वस्तू आणून देतो, विकली गेली की दुकान ठरलेला वाटा कापून बाकी रक्कम त्याला देतं. म्हणजे तिथं नोंदवही असते : कुणी आणली, कधी, काय म्हणून, किती अपेक्षा होती. एका बाजूला काहीच कागद नाही, दुसऱ्या बाजूला ओळीन् ओळ लिहिलेली वही. या दोन टोकांमध्ये जेनिफर रोज वावरते. त्या वहीतल्या एका खोट्या नावावर अख्खा सिनेमा उभा राहिला असता.

किंवा गोदामांचे लिलाव घ्या, ज्यांच्याभोवती 'ऑल दॅट ग्लिटर्स' फिरतो. भाडं थकलं की भाड्यानं दिलेल्या गाळ्यातलं सामान लिलावात निघतं. बोली लावणाऱ्यांना आत पाऊल टाकता येत नाही, काही उचलून बघता येत नाही. कुलूप तोडून शटर वर जातं, दारातूनच टॉर्च मारून जे दिसेल त्यावर बोली लावायची. आता विचार करा, एखादा माणूस असा गाळा भरमसाठ किमतीला घेतो, जिथं बाकीच्यांना फक्त गाद्या आणि खोकी दिसली. त्याला आत काय आहे हे आधीच कसं ठाऊक? हा प्रश्न धंदा माहीत असलेल्या माणसालाच पडेल. अशा प्रश्नासाठी मी रात्री जागी राहीन.

एक गोष्ट मात्र तुमच्या सगळ्या सिनेमांनी घाईघाईनं ओलांडली, आणि तीच मला सर्वांत जास्त हवी होती. म्हातारी बाई नवऱ्यामागं घर रिकामं करते आहे. एक लहानसं चित्र तिनं पाच डॉलरला ठेवलं आहे. जाणकार बाईला एका नजरेत कळतं की याची किंमत हजारांत आहे. ती काय करते? सांगते, की पाच डॉलर हातावर ठेवून निघते? धंद्यात हे रोज घडतं आणि त्यावर लोक रोज भांडतात. कुणी म्हणतं, ज्ञान मिळवायला आम्ही वर्षं घातली, त्याची ही कमाई. कुणी म्हणतं, विकणाऱ्याच्या अडाणीपणावर पोट भरू नये. जेनिफर भली बाई आहे हे आम्हाला पहिल्याच सिनेमात पटलं. पण तिच्या भलेपणाची परीक्षा तिच्या स्वतःच्या दुकानात, तिच्या स्वतःच्या नफ्यावर झाली असती तर ती आणखी आवडली असती. खून उलगडण्यापेक्षा हे अवघड आहे, आणि तुमच्या सिनेमांच्या सौम्य स्वभावात अगदी चपखल बसणारं आहे. यात कुणाचं रक्त सांडत नाही.

तुलना करायची तर ब्रिटिशांशी करायला हवी, कारण हा प्रकार तिथं आधी रुजला. बीबीसीच्या 'लव्हजॉय'मध्ये इयान मॅकशेन यांनी रंगवलेला विक्रेता ईस्ट अँग्लियाच्या खेड्यांतून हिंडायचा. खरी जुनी वस्तू समोर आली की त्याला ती आतूनच जाणवायची. माणूस लबाड, खिसा कायम रिकामा, कॅमेऱ्याकडे वळून थेट आपल्याशी बोलणार. तो जेनिफरच्या बरोबर उलट आहे. तिच्या घरात सगळं स्थिर, त्याच्याकडे काहीच नाही. पण त्या मालिकेत बनावट माल हा कायमचा सोबती होता. नव्या लाकडाला जुनं कसं करतात, एका कपाटाचा वरचा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागावर चढवून 'अखंड नग' म्हणून कसा खपवतात, हे बघणारा प्रेक्षक हळूहळू स्वतः जाणकार होत गेला. मालिका बघून झाल्यावर आपल्याला काहीतरी येतं, हे समाधान मोठं असतं. तुमच्यासाठी आणखी एक नोंद : 'लव्हजॉय'चं पहिलं पर्व १९८६ मध्ये आलं आणि दुसरं थेट १९९१ मध्ये. पाच वर्षांच्या खंडानंतर परतून ती १९९४ पर्यंत चालली.

अलीकडची म्हणाल तर 'द मॅडम ब्लांक मिस्टरीज'. २०२१ पासून सुरू झालेली. सॅली लिंडसे यांची जीन व्हाइट ही इंग्लंडातली जुन्या वस्तूंची जाणकार. नवरा जातो, पैसाही गेल्याचं कळतं, हाती उरतं ते दक्षिण फ्रान्समधल्या एका गावातलं छोटं घर. ही सिनेमांची नव्हे, भागांची मालिका आहे, त्यामुळे सरळ तोलणं योग्य नाही. तरी एका बाबतीत ती तुमच्या पुढे आहे. तिथं जीनचं ज्ञान शोभेपुरतं राहत नाही. वस्तू कधीची, कुठली, खरी की खोटी, हे तिनं सांगितलं की कुणाचं तरी खोटं उघडं पडतं. पोलीस तिला बोलावतात ते याच कारणासाठी. जेनिफरच्या बाबतीत लिनवुड तिला बहुतेक वेळा 'तुम्ही यात पडू नका' असंच सांगत राहतो. तिच्या ज्ञानाला अधिकृत मान फार थोडा मिळाला.

उलट घरपणात जेनिफर सर्वांना मागे टाकते. रात्री स्वयंपाकघरात नवऱ्याशी बोलता बोलता धागा जुळणं, मुलीच्या एका साध्या वाक्यावरून काहीतरी सुचणं, डॅनीनं दुकान सांभाळलं म्हणून तिला बाहेर पडता येणं. लग्न झालेली, मुलं मोठी होत असलेली, स्वतःचा व्यवसाय असलेली मध्यमवयीन बाई नायिका आहे आणि तिच्या संसारात तपासामुळे रोज आग लागत नाही, हे चित्र टीव्हीवर फार दुर्मीळ आहे. माझ्या सासूबाईंना जेसन फार आवडायचा. "नवरा आहे, पण आडवा येत नाही," ही त्यांची पावती. हे हरवू देऊ नका. नवी नायिका आणाल तेव्हा तिला विधवा किंवा घटस्फोटित करून देखण्या पोलिसाच्या प्रेमात पाडू नका. ते तुमच्याकडे भरपूर झालं आहे.

तुमच्याच दोन मालिकांचा उल्लेख करते. 'फिक्सर अपर मिस्टरीज'मधली शॅनन ह्यूजेस जुनी घरं दुरुस्त करते. 'एमा फील्डिंग' पुरातत्त्वज्ञ आहे. दोन्ही थोडक्यात आटोपल्या, पण दोन्हींत एक गोष्ट नीट होती : नायिकेच्या हाताला काम होतं. भिंत फोडली की आत काहीतरी निघतं, माती खरवडली की काहीतरी हाती लागतं. जुन्या वस्तूंच्या व्यापारातही हाताचं काम आहे. ते दाखवायची तुम्हाला भीती का वाटते ते कळत नाही. कदाचित प्रेक्षक कंटाळेल असं वाटत असेल. नाही कंटाळणार, मी खात्रीनं सांगते.

इथं जवळच, डेलावेअर नदीच्या काठी लँबर्टव्हिल आहे. तिथल्या जुन्या बाजारात सकाळी लवकर गेलं की मुरलेले खरेदीदार काय करतात ते बघावं. ते कपाटाच्या पुढच्या बाजूकडे ढुंकूनही बघत नाहीत. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढतात, उलटा करतात. कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकांत अडकवणारे डव्हटेल सांध्याचे दात बघतात : एकसारखे, एका मापाचे असतील तर यंत्रावर कापलेले, थोडे वाकडेतिकडे, पातळ-जाड असतील आणि शेजारी आखणीची बारीक रेघ दिसत असेल तर हातानं. मग मागच्या फळीवर बोटं फिरवतात. करवतीच्या खुणा सरळ आहेत की कमानीसारख्या गोल? गोल असतील तर गोल करवत, म्हणजे साधारण १८३० नंतरचं काम. एखादा स्क्रू सैल असला तर काढून टोक बघतात. जुन्या स्क्रूंना टोक बोथट असे. अणकुचीदार टोकाचे स्क्रू १८५० च्या आगेमागे सर्रास झाले. गोल टेबल असेल तर फूटपट्टी काढतात आणि दोन दिशांनी व्यास मोजतात. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं आकसतं, लांबीच्या दिशेनं जवळजवळ नाही. म्हणून शंभर-दीडशे वर्षांचं गोल टेबल आता किंचित लंबगोल झालेलं असतं. अचूक गोल निघालं तर विकणाऱ्याकडे संशयानं बघायला हरकत नाही.

हे सगळं पडद्यावर अर्ध्या मिनिटात दाखवता येतं. एक हात, एक ड्रॉवर, एक टॉर्च. आणि त्यात खुनी सापडू शकतो. समजा, एक माणूस म्हणतो की हा जपानी चहाचा संच पणजीनं १९०० साली आणला, त्यामुळे मृत्युपत्राप्रमाणे तो माझा. नायिका कप उलटा करते. बुडाशी 'जपान' असा शिक्का. अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, हा नियम १८९१ पासून लागू झाला. तेव्हा जपानी माल 'निप्पॉन' असं लिहून यायचा. १९२१ मध्ये अमेरिकी कस्टम्सनं 'जपान' असं लिहायला लावलं. म्हणजे पणजीची गोष्ट खोटी. संच नंतरचा आहे, आणि हा माणूस कुटुंबातलाच आहे का, यावरही प्रश्नचिन्ह. एका कपाच्या बुडानं वारसाहक्काचा खटला पालटला. प्रेक्षक दुसऱ्या दिवशी आपल्या कपाटातले कप उलटे करून बघेल. आमच्या घरी तर नक्की.

आता आमच्याकडची एक वस्तू तुमच्या हाती देते. कथा म्हणून वापरावीशी वाटली तर जरूर वापरा.

महाराष्ट्रात तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आहे. लग्नात, मुंजीत, बारशाला भांडं द्यायचं ते दुकानातच नाव घालून घ्यायचं : कुणी दिलं, कुणाला, कशानिमित्त, कोणत्या तारखेला. जुन्या भांड्यांवर ही अक्षरं ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली असतात, बोट फिरवलं की खरखरतात. नंतरची यंत्रानं कोरलेली, नागमोडी. माझ्याकडे सासूबाईंच्या आजेसासूबाईंचा पितळी डबा आहे. झाकणावर आद्याक्षरं आणि गावाचं नाव, पोटावर 'सौ.' करून नाव. झाकणावरचं नाव आणि डब्यावरचं नाव वेगळं आहे, कारण मूळ झाकण कुठल्यातरी पंक्तीत बदललं गेलं आणि ते घर आजवर सापडलेलं नाही. घरात यावर अजून चर्चा होते. मालकीचा सगळा इतिहास त्या धातूवरच ठोकलेला आहे, त्याला कागद लागत नाही.

अशी भांडी इथं आली आहेत. एडिसन, इझलिन, जर्सी सिटी, कितीतरी घरांत. आणि घरं विकली जातात, म्हातारी माणसं जातात, मुलांना देवनागरी वाचता येत नाही, भांडी गॅरेज सेलमध्ये येतात. मी स्वतः एका सेलमध्ये असा पितळी तांब्या उचलून बघितला आहे. फ्लॉवरपॉट म्हणून ठेवला होता.

समजा, तुमच्या नव्या नायिकेच्या दुकानात असा एक तांब्या येतो. कुणीतरी त्यासाठी जरुरीपेक्षा फार जास्त पैसे मोजायला तयार आहे, आणि दोन दिवसांनी तांब्या आणून देणारा माणूस मेलेला सापडतो. तांब्यावर अनोळखी लिपीत मजकूर आणि एक आकडा. नायिका तो आकडा कुणाकडून तरी वाचून घेते : १८७०. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची वस्तू, असा तिचा हिशेब. त्यावर ती मागचा-पुढचा सगळा तर्क रचते आणि तो जुळत नाही. मग शेजारची एखादी मराठी आजी चष्मा लावून भांडं खिडकीपाशी नेते, आकड्याआधीची दोन अक्षरं वाचते आणि सांगते, "अगं बाई, हे शके १८७० आहे." शालिवाहन शक. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, म्हणजे १९४८-४९. वस्तू एका क्षणात जवळ येते. ज्या बाईला ती दिली ती कदाचित अजून हयात असेल, आणि तिच्या मृत्यूबद्दल कुणीतरी खोटं बोललं आहे. त्या आजीला संशयित करू नका, विनोदी करू नका, केवळ एका दृश्यापुरती आणू नका. तिला चहा घेत नायिकेसमोर बसवा आणि भांड्यावरचा उरलेला मजकूर तिच्याकडूनच वाचून घ्या. खिडकीपाशी बसून टीव्ही बघणाऱ्या आमच्या सासूबाया त्या क्षणी सरसावून बसतील.

लिहिताना काय काय मागितलं ते आता नेमकं सांगते. जेनिफर नावाचीच बाई हवी असा हट्ट नाही. नवं नाव, नवी नटी, नवं गाव चालेल. पण दुकान हवं, भागीदार मैत्रीण हवी, आडवा न येणारा नवरा हवा. प्रत्येक सिनेमात एक वस्तू अशी असावी की जिच्याशिवाय खुनी सापडलाच नसता. पटकथा लिहिणाऱ्यांसोबत लिलावात आयुष्य घालवलेला, ड्रॉवर उलटा करणारा एक खरा व्यापारी बसवा. मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रिमफील्डला वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये मोठा जुना बाजार भरतो. तुमच्या लेखकांना एक सकाळ तिथं पाठवा, उजाडायच्या आत, टॉर्च देऊन. आणि पाच डॉलरच्या चित्राचा तो प्रसंग पहिल्याच सिनेमात घ्या. नायिका कशी आहे हे आम्हाला तिथंच कळू दे.

सासूबाई येत्या उन्हाळ्यात पुन्हा येत आहेत. त्यांनी फोनवर विचारलं, "ती जुन्या सामानवाली लागते का गं अजून?" जुनेच सिनेमे दाखवीन म्हणून सांगितलं आहे. नव्याची तारीख तुम्ही कळवा.

आपली नम्र,
एक नियमित प्रेक्षक
एडिसन, न्यू जर्सी